साभार : इंटरनेट

कणकवलीत गेली बावीस वर्षं मी डीटीपीचं काम करते. लग्नपत्रिका, दशावताराची हँडबिलं, पतसंस्थांचे अहवाल, जत्रेचे बॅनर, बारशापासून तेराव्यापर्यंत सगळं. या बावीस वर्षांत ‘साभार : इंटरनेट’ हे शब्द मी किती वेळा टाइप केले, त्याचा हिशेब नाही. इंटरनेट नावाचा कुणी गृहस्थ खरोखर असता तर आमच्या आभारांनी वाकून गेला असता.

ही सवय सुटली ती २०२२ साली. एका पतसंस्थेच्या कॅलेंडरसाठी मी भातलावणीचा एक फोटो घेतला होता. इरली घेतलेल्या चार बायका, चिखल, मागे ढग. गुगलवर मिळाला, मोठा होता, छापायला चालणारा होता. कोपऱ्यात बारीक अक्षरात फोटोग्राफरचं नाव होतं. ते मीच क्रॉप केलं, कारण तिथे ‘आपली विश्वासू’ हे शब्द बसवायचे होते. फेब्रुवारीत वकिलाची नोटीस आली. शेवटी वीस हजारांवर मिटलं, त्यातले दहा मी भरले. पैशांपेक्षा जास्त लागलं ते त्या फोटोग्राफरचं फोनवरचं वाक्य. तो चिडला नव्हता. म्हणाला, “ताई, मी पावसात तीन तास उभा होतो. तुम्ही एक फोन केला असता तर मी फुकट दिला असता.”

तर गेल्या वर्षी आमच्या माहेरच्या गावातल्या वाचनालयाला शंभर वर्षं पुरी झाली. गाव देवगड तालुक्यातलं. वाचनालय म्हणजे दोन खोल्या, एक पडवी आणि सात कपाटं. स्मरणिकेचं काम माझ्याकडे आलं, अर्थात माहेरचं म्हणून निम्म्या दरात. पहिल्या बैठकीत चित्रांचा विषय निघाला तेव्हा समितीने एक पिशवीच माझ्यापुढे ठेवली : भिंतीवरच्या तसबिरी, एक जुना ग्रुप फोटो, दिवाळी अंकातलं एक पान आणि सरांच्या मोबाइलमधलं देवळाचं स्केच. मी विचारलं, ही कुणी काढलीत? सगळे एकमेकांकडे बघायला लागले. अध्यक्ष काका अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. ते म्हणाले, “शंभर वर्सां झाली गो. आता कोण येतलो विचारूक?”

मी वही काढली. एकेका चित्राला एकेक पान दिलं आणि वर चारच प्रश्न लिहिले. कुणी काढलं, कुणी छापलं, आपल्याकडे कधी आलं, आणि आधी कुठे प्रसिद्ध झालं होतं का? त्या दिवशी चारातला एकही रकाना भरला नाही.

सर्वांत सोपं निघालं ते देवळाचं स्केच, आणि मला वाटलं होतं तेच सर्वांत अवघड जाईल. व्हॉट्सअ‍ॅपवर ‘आपल्या गावाची शान’ म्हणून फिरत होतं. सरांना त्यांच्या भाच्याने पाठवलं, भाच्याला मुंबईच्या मंडळाच्या ग्रुपवरून आलं, ग्रुपवर कुठून आलं ते कुणालाच ठाऊक नाही. मी गुगल लेन्सला टाकलं. दोन पानं भरून देवळं आली, त्यांत आमचं नव्हतं. मग लेन्सचा चौकोन नुसत्या दीपमाळेवर आणला, तेव्हा तेच स्केच एका कोल्हापूरच्या मुलाच्या इन्स्टाग्रामवर सापडलं. पूर्ण, खाली सही आणि तारखेसकट. आपल्याकडे आलेल्या चित्राचा खालचा बोटभर पट्टा कुणीतरी वाटेत कापून टाकला होता. मी भातलावणीच्या फोटोचं केलं तेच. मुलाला निरोप टाकला, वीस मिनिटांत उत्तर आलं : “वापरा ना, फक्त सही ठेवा.” पाठोपाठ मोठी फाइलही पाठवली.

सरस्वतीची तसबीर मात्र कित्येक वर्षं ‘रविवर्म्याची’ म्हणून टांगलेली. उदबत्तीच्या धुराने काच पिवळी झालेली, खालच्या कोपऱ्यात कसरीने खाल्लेलं. देवीच्या चेहऱ्यावरचं तेज मात्र जसंच्या तसं. काका म्हणाले, यात शोधायचं काय, रविवर्मा १९०६ साली गेला, लिही ‘चित्रकार : राजा रविवर्मा’. मीही तेच लिहिणार होते. पण रविवर्म्याची १८९६ ची सरस्वती मी पाहिली आहे. ती खडकावर बसलेली आहे, मांडीवर वीणा आणि बाजूला मोर. आमची सरस्वती कमळात उभी, मोराचा पत्ताच नाही.

मी तसबीर कणकवलीला आणली आणि आमच्या फ्रेमवाल्याकडून मागची फळी उघडून घेतली. गंजलेले खिळे, त्याखाली वर्तमानपत्राचा लगदा, त्याखाली चित्र. मी लूप, म्हणजे छपाई तपासायचं भिंग, लावून पाहिलं. आमच्या ऑफसेटच्या छपाईत लूपखाली ठिपके रांगेत दिसतात, रांगोळीच्या कागदासारखे. इथे ठिपके वेडेवाकडे होते, कुठे दाट, कुठे विरळ, हाताने दिलेले. म्हणजे दगडावर चित्र काढून छापलेलं काम. देवीच्या गालाचा गुलाबी रंग म्हणजे नुसत्या सुईच्या टोकाएवढ्या ठिपक्यांची गर्दी. मी अर्धा तास ते गालच बघत बसले. फ्रेमवाला म्हणाला, “वहिनी, दुकान बंद करायचंय.”

चित्राची खालची कड आत दुमडलेली होती. जुन्या फ्रेमवाल्याला चित्र चौकटीत बसवायचं होतं, त्याने सरळ घडी घातली. ती हळूच उलगडली तर इंग्रजीत छापलेलं निघालं : रवि वर्मा प्रेस, कार्ला-लोणावळा. पुढे एक आकडा. चित्रकाराचं नाव नाही.

इथे गावाचंही अगदीच चुकलं नव्हतं. छापखाना रविवर्म्याचाच. १८९४ साली मुंबईत सुरू झाला, पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, मग श्लायशर नावाच्या जर्मन माणसाने विकत घेतला. रविवर्मा गेल्यावरही कित्येक वर्षं तिथे देवादिकांची चित्रं छापली जात होती आणि ती सगळी काही रविवर्म्याची नव्हती. दुसऱ्या चित्रकारांची होती, आणि पुष्कळशी अशी, की ज्यांवर कुणाचंच नाव पडलं नाही. आपल्याकडे मात्र जुनं, रंगीत आणि नऊवारी नेसलेलं काहीही दिसलं की ते रविवर्म्याच्या खात्यावर जमा होतं.

कायद्याचं काय ते विचारायला मी माझ्या मावसभावाकडे गेले. तो ओरोसला वकिली करतो. जमीन आणि खोती हा त्याचा मूळ विषय, पण नोटिशीच्या वेळी तोच कामी आला होता आणि तेव्हापासून त्याने कॉपीराइटचा १९५७ चा कायदा वाचून ठेवला आहे. त्याने सांगितलं ते मी वहीत असं लिहून घेतलं. चित्रकार माहीत असेल तर तो गेल्यावर पुढची साठ वर्षं हक्क राहतो, आणि मोजायला सुरुवात त्याच्या मृत्यूनंतरच्या १ जानेवारीपासून. चित्र नाव न देताच प्रसिद्ध झालं असेल तर साठ वर्षं प्रसिद्धीपासून मोजायची. हे साठ पूर्वी पन्नास होते. टागोर १९४१ साली गेले, त्यांची पन्नास वर्षं १९९१ अखेर संपत होती, तेव्हा घाईघाईने साठ केले. “गुरुदेवांमुळे तुला दहा वर्षं जास्त थांबावं लागतंय,” तो म्हणाला.

मग प्रश्न उरला सरस्वती प्रसिद्ध कधी झाली हा. छापल्याचं साल चित्रावर नव्हतं. ग्रंथपाल ताईंनी देणगीची नोंदवही काढली. तीन संध्याकाळी बसून पाहिली. १९३४ सालच्या पानावर मिळालं : ‘श्रीसरस्वतीची तसबीर १, काचेसहित’, खाली मुंबईत दुकान असलेल्या एका गावकऱ्याचं नाव. म्हणजे छापील चित्र १९३४ साली गावात होतं, तेव्हा ते त्याआधी किंवा त्याच वर्षी छापलेलं. साठ वर्षं धरली तरी १९९४ अखेर संपली. सरस्वती मोकळी.

ओळीवरून मात्र समितीत वाद झाला. मी लिहिलं होतं : ‘श्रीसरस्वती. दगडी छापाचं रंगीत चित्र. रवि वर्मा प्रेस, कार्ला-लोणावळा. चित्रावर चित्रकाराचं नाव नाही. १९३४ पासून संग्रहात.’ खजिनदार म्हणाले, एवढं कोण वाचतंय, ‘रविवर्मा’ टाक, वजन येतं. मी म्हटलं, कुण्या माणसाने महिनाभर दगडावर ठिपके मारले, त्याचं नाव आपल्याला मिळालं नाही हे एक झालं, पण म्हणून त्याच्या जागी दुसऱ्याचं बसवायचं? काका बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “आमच्या आज्यान चूक सांगलेलां म्हणजे.” ओळ राहिली.

ग्रुप फोटो १९६१ चा. वाचनालयाच्या पायरीवर सतरा माणसं, पुढे जमिनीवर दोन मुलं, त्यांतलं एक हललेलं. पुठ्ठ्यावर मालवणच्या एका स्टुडिओचा उठावाचा शिक्का. त्या जागी आता मोबाइलचं दुकान आहे, आधीच्या मालकांचं कुणाला काही माहीत नाही. इथे भावाने एक चांगली गोष्ट सांगितली. पैसे देऊन सांगून काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक फोटोग्राफर नसतो, काढायला सांगणारा असतो, वेगळा करार नसेल तर. तो कलम १७. मग आम्ही त्या वर्षीची किर्द शोधली आणि खर्चाच्या बाजूला ‘ग्रुप फोटो प्रती ३, रु. १८’ मिळालं. फोटो वाचनालयाचाच. स्टुडिओचं नाव खाली दिलं, शिक्क्यासकट पुठ्ठा स्कॅन केला.

आता मुखपृष्ठ. हे मी ठरवूनच ठेवलं होतं. वाचनालयाच्या बांधीव दिवाळी अंकांत १९६३ चा एक अंक होता, त्यातल्या एका कथेवर शाईच्या रेषांचं चित्र. ओटीवर बसलेली बाई कंदिलाच्या उजेडात वाचते आहे, मांडीवर डोकं ठेवून मूल झोपलं आहे. पुस्तक आपल्याला नीट दिसत नाही, पण तिच्या मानेच्या कलण्यावरून कळतं की गोष्ट रंगात आली आहे आणि मूल कधी झोपलं हे तिला कळलेलं नाही. त्या काळी लाइन ब्लॉकवर छापायचं असल्यामुळे मधल्या छटा नाहीत, नुसतं काळं आणि पांढरं. आणि तेवढ्यात उजेड दाखवला आहे. मी स्कॅन करून कंदिलाच्या काचेत फिकट पिवळा भरला, खालची ओटीची पायरी कापली आणि तिथे शतकमहोत्सवाचं नाव बसवलं. समितीला एकदम पसंत.

सही होती. कंदिलाच्या बुडाशी एक आडवी रेघ आणि तिला लोंबणारी दोन-तीन वळणं. मी एक हजार सहाशे टक्के मोठी करून पाहिली. मला ‘श’ वाटला, ताईंना इंग्रजी ‘जी’, सरांना मांजर.

सर म्हणाले, वाचता येत नाही म्हणजे अज्ञातच झाला. ‘चित्रकार अज्ञात’ लिहा. मला ते पटलं, कारण मला ते चित्र हवं होतं. मी भावाला फोन केला, नुसतं विचारायचं म्हणून. १९६३ अधिक साठ, २०२३ अखेर संपलं, बरोबर ना?

तो म्हणाला, “सही आहे म्हणतेस ना? मग बिननावाचं कसं? त्याने नाव दिलंय. तुला वाचता येत नाही हा तुझा प्रश्न, त्याचा नाही. आता त्याच्या मरणापासून मोजायचं. आणि तो मेलाय का हेसुद्धा तुला ठाऊक नाही.”

मी विचारलं, खाली एक ओळ टाकली तर? ‘कुणाचा हक्क असल्यास कळवावे, क्षमस्व.’ तो हसला. “ती ओळ म्हणजे तू विचारलं नाहीस याचा तुझ्याच हातचा पुरावा.”

एव्हाना एका सदस्याने तोडगा काढला होता, की ते सोडा, दलालांचं नाहीतर मुळगावकरांचं एखादं जुनं चित्र घ्या, नाव तर माहीत आहे. पण नाव माहीत असलं म्हणून हक्क संपत नाही. दीनानाथ दलाल १९७१ साली गेले, म्हणजे २०३१ अखेरपर्यंत. रघुवीर मुळगावकर १९७६, म्हणजे २०३६. धुरंधर १९४४ साली गेले, त्यांची चित्रं २००५ पासून खुली आहेत, पण कंदील आणि वाचणारी बाई मला त्यांच्याकडे मिळाली नाही. आणि खरं सांगायचं तर मला तीच बाई हवी होती.

दिवाळी अंकात सजावट करणाऱ्यांची नावं अनुक्रमणिकेपाशी देतात. आमच्या अंकाला अनुक्रमणिकाच नव्हती. बाइंडिंगवाल्याने खंड जाड होऊ नये म्हणून मुखपृष्ठ आणि जाहिरातींची पानं काढून टाकली होती, त्यात तीही गेली. ही महाराष्ट्रभरच्या वाचनालयांची कहाणी आहे. कथा-कविता जपल्या, आणि कुणी छापलं, कुणी सजवलं, कोणत्या साबणाने जाहिरात दिली, ते सगळं रद्दीत गेलं. अंक काढणारी संस्था कधीच बंद झालेली. मग जूनमध्ये नणंदेकडे ठाण्याला गेले तेव्हा एक दिवस काढून मराठी ग्रंथसंग्रहालयात गेले. १८९३ सालची संस्था ती, आमच्या वाचनालयाची आजी शोभेल. नाव, वर्ष आणि काय पाहिजे ते कागदावर लिहून दिलं. अंक मिळाला, मुखपृष्ठासकट. अनुक्रमणिकेखाली ‘सजावट’ असं लिहून तीन नावं. दोघांचं आडनाव पूर्ण, तिसऱ्याचं नुसतं ‘मास्तर’ या टोपणनावाने.

तीनही नावांना सही जुळेना. एकाची सही त्याच अंकात दुसऱ्या कथेवर स्वच्छ देवनागरीत होती, म्हणजे तो बाद. उरले दोन.

सावंतवाडीला एक निवृत्त चित्रकलाशिक्षक आहेत, सत्त्याऐंशी वर्षांचे, जे. जे.मध्ये शिकलेले. त्यांच्या प्रदर्शनाचं माहितीपत्रक मी केलं होतं. त्यांच्याकडे प्रिंट घेऊन गेले. त्यांनी चष्मा काढला, कागद डोळ्याजवळ नेला आणि मला वाटलं आता हेही मांजर म्हणणार. ते म्हणाले, “अहो, ही मोडी आहे.”

आडवी रेघ मी कंदिलाची सावली समजत होते. ती शिरोरेघ. मोडी लिहिताना आधी रेघ ओढून घ्यायची आणि मग तिला अक्षरं टांगत जायचं. “आम्ही शाळेत गिरवलीय ही. आमच्या आधीचे बरेच जण सही मोडीतच करायचे, हात बसलेला असायचा,” असं म्हणत त्यांनी बोटाने हवेत ती दोन अक्षरं काढून दाखवली. नावाचं आद्याक्षर आणि आडनावाचं. अनुक्रमणिकेतल्या दुसऱ्या नावाशी ती तंतोतंत जुळली. तीन महिने मी जे ‘अज्ञात’ म्हणून फिरत होते ते बाईच्या पायाशी लिहून ठेवलेलं होतं, आणि माझ्या आजोबांनी एका नजरेत वाचलं असतं.

पुढचं काम सावंतवाडीच्या या सरांनीच केलं. नाव त्यांच्या ओळखीचं नव्हतं, पण त्यांच्या बरोबरच्या एकाला माहीत होतं. त्याने गिरगावातल्या एका शाळेचं नाव सांगितलं, तिथल्या जुन्या शिपायाने आणखी कुणाचं. पाचव्या फोनला मुलगी सापडली, बडोद्याला, सत्तरीच्या. वडील १९९१ साली गेलेले. मी मनात लगेच बेरीज केली : २०५१ अखेर.

“काकू, तुमच्या बाबांचं एक चित्र आमच्या वाचनालयाच्या स्मरणिकेवर छापायचं आहे,” मी म्हटलं. त्यांना चित्र आठवेना. मी मोबाइलवर पाठवलं. दोन दिवस काहीच उत्तर नाही. तिसऱ्या दिवशी फोन आला. म्हणाल्या, घरी बाबांचं यातलं काहीही उरलेलं नाही, मूळ चित्रं छापखान्यातून परत यायचीच नाहीत. “आई काही वाचणाऱ्यातली नव्हती, त्यामुळे ही बाई कोण ते मला विचारू नका,” असंही म्हणाल्या आणि हसल्या. मग व्यवहाराचं बोलल्या. तीन हजार रुपये. आतल्या पानावर पूर्ण नाव. अंकाच्या तीन प्रती. फक्त या स्मरणिकेसाठी, उद्या त्याचे मग आणि टी-शर्ट काढायचे नाहीत. आणि तुम्ही जो पिवळा रंग भरला आहे तो काढा, पायरीही कापू नका. “बाबांनी उजेड पांढऱ्याचाच केलाय.”

मी फोन ठेवला आणि फाइल उघडून आधी पिवळा काढला. खरंच, पिवळ्याने तो उजेड मंदावला होता. मला तो रंग दहा मिनिटांचं कौशल्य वाटलं होतं.

समितीत तीन हजारांवरून अर्धा तास गेला. साठ वर्षांपूर्वीच्या चित्राला पैसे? वाचनालय काय नफा कमावतंय? आम्ही तर त्यांच्या वडिलांचं नाव पुन्हा लोकांपुढे आणतोय, उलट त्यांनीच… हे शेवटचं वाक्य सगळ्यांत वाईट. मंडपवाल्याला, केटररला, मला (निम्म्या दराने का होईना) पैसे द्यायचे आणि ज्याच्या चित्रावर सगळा अंक उभा त्याला नाव दिलं की झालं, हे मला कळत नाही. मी काकूंचं एक वाक्य सांगितलं. त्यांच्या बाबांना तेव्हा एका चित्राचे दहा रुपये मिळत, आणि तेही कधी कधी पुढच्या दिवाळीत. काकांनी खजिनदारांकडे पाहिलं. खजिनदारांनी चेकबुक काढलं.

भावाने एक खुट्टी मारून ठेवली होती : वारस एकटी मुलगीच आहे का, विचार. एक भाऊ निघाला, अमेरिकेत. त्याचीही संमती लेखी पाहिजे, नाहीतर एकाने दिलेली परवानगी दुसरा नाकारू शकतो. काकूंनी त्यांना ई-मेल करायला लावला. दोन ओळींचा, शेवटी ‘हॅपी टु हिअर’ असं देवनागरीत. तो कागद वाचनालयाच्या फायलीत आहे.

उरलं एक. वाचनालय ज्यांनी काढलं त्यांचं पेन्सिलचं रेखाचित्र. दारासमोरच्या भिंतीवर आहे, आठवतं तेव्हापासून. टोपी, मिशा, एक डोळा किंचित बारीक. सही नाही, आम्ही मागून उघडून पाहिलं, कडा तपासल्या, उजेडासमोर धरलं. नोंदवहीत नाही, किर्दीत नाही, कुणी विकत घेतल्याची किंवा दिल्याची ओळ नाही. कधी कुठे छापून आलेलंही नाही. मला वाटलं, हे तर खरोखरचं अज्ञात, हे सोपं.

सोपं नव्हतं. बिननावाच्या चित्राची साठ वर्षं मोजायची ती पहिल्या प्रसिद्धीपासून, आणि हे प्रसिद्धच झालेलं नाही. मोजायला आरंभच नाही. भाऊ म्हणाला, रस्ता आहे, कलम ३१-क. चित्रकार मेलेला असेल, ठाऊक नसेल किंवा सापडत नसेल तर परवाना मागता येतो. पण त्याआधी देशाच्या बहुतेक भागात खपणाऱ्या एका इंग्रजी दैनिकात तसं जाहीर करायचं. मग अर्ज. पूर्वी तो बौद्धिक संपदा अपील मंडळाकडे जायचा, २०२१ मध्ये ते बंद झालं, आता न्यायालय. परवाना मिळाला तर मानधन ठरवून देतात, ते सरकारजमा करायचं, उद्या वारस उगवला तर त्याला मिळावं म्हणून. कल्पना मला आवडली. न सापडलेल्या माणसाचे पैसे बाजूला काढून ठेवायचे. पण नुसती ती जाहिरात आमच्या स्मरणिकेच्या खर्चाच्या पुढे गेली असती. अंकाचं एकूण अंदाजपत्रक पंच्याहत्तर हजार होतं.

छापलं असतं तर कुणीही काही केलं नसतं, हे मलाही माहीत आहे. समितीतल्या बहुतेकांचं मत छापावं असंच होतं, आणि संस्थापकांचा चेहरा नसलेली स्मरणिका काढणं विचित्र आहे हे मला मान्य आहे. शेवटी त्यांच्या नातवाकडे शाळेच्या दाखल्यासोबतचा एक लहानसा फोटो मिळाला, तो टाकला, धूसर आहे. रेखाचित्राच्या जागी पाव पानाची चौकट केली. वाचनालयात दारासमोर संस्थापकांचं पेन्सिलने काढलेलं चित्र आहे, ते कुणी काढलं ते आम्हाला सापडलेलं नाही, कुणाला ठाऊक असल्यास कळवावं. खाली ग्रंथपाल ताईंचा नंबर.

दसऱ्याला प्रकाशन झालं. देवळाचं स्केच काढणारा मुलगा कोल्हापूरहून मोटारसायकलने आला आणि जेवूनच गेला. काकूंच्या तीन प्रती मी स्पीड पोस्टने पाठवल्या.

चौकटीवर आतापर्यंत तीन फोन आले आहेत आणि तिघांनी तीन वेगवेगळी नावं सांगितली आहेत. एकाच्या मते शाळेत पूर्वी होते ते ड्रॉइंग मास्तर. दुसऱ्या बाई म्हणाल्या, त्यांच्या चुलत्याने काढलं, पण त्यांनी सांगितलेल्या साली चुलता सहा वर्षांचा होता असं हिशेबात निघालं. तिसरे गोरेगावला राहतात. त्यांच्या आजोबांची पेन्सिलच्या चित्रांची वही घरात आहे, तिच्यात अशीच मिशांची माणसं आहेत, आणि एक डोळा बारीक काढायची त्यांना खोड होती. शिमग्याला गावी येणार आहेत, वही घेऊन येतो म्हणाले. ताईंनी माझ्या वहीतल्या त्या पानावर तिन्ही नावं पेन्सिलने लिहून ठेवली आहेत.